पाठ चेपणाऱ्या खुर्चीचे वारस

कवळीवाले नव्या घरात राहायला आले त्याच्या अकराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी बरोबर सव्वानऊ वाजता, त्यांच्या दारावर एक गृहस्थ आले आणि त्या घरात राहत नसलेल्या माणसाची चौकशी करू लागले. घटना एवढीच. अशा घटना रोज कुठे ना कुठे घडतात आणि त्यातून कुणाचं काही वाकडं होत नाही. पण कवळीवाल्यांच्या स्वभावात एक खोट होती. त्यांना कुणाला 'नाही' म्हणायची भयंकर भीड पडायची.

कवळीवाले म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारे. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे, कधी एखादं गिऱ्हाईक थेट यायचं, आणि कवळीवाले मागच्या खोलीत बसून त्या साच्यांवर कवळ्या चढवायचे. खोलीत मेणाचा वास, टेबलावर पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत रंगवारीने लावलेले दात, आणि खिडकीशी कवळीला चकाकी आणायचं फिरतं यंत्र. हे यंत्र त्यांनी नऊ वर्षं पोटाला चिमटा घेऊन रोखीने घेतलं होतं. त्याच्यावर घर चालायचं. "आपण कुणाचं काडीचंही देणं लागत नाही," असं ते दिवसातून दोनदा म्हणायचे आणि त्यांची बायको दोन्ही वेळा भांड्यांचा आवाज करायची.

तर दारात आलेले गृहस्थ वसुलीवाले होते. वसुलीवाला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो तसे ते अजिबात नव्हते. किरकोळ अंगाचे, घामेजलेले, बूट दाराबाहेर काढून ठेवणारे. हातात एक पाटीएवढं यंत्र.

"ते आहेत का घरात? पाठ चेपणारी खुर्ची घेतली होती त्यांनी. हप्ते राहिलेत."

"ते गेले," कवळीवाले म्हणाले.

"गेले म्हणजे बाहेर गेले?"

"नाही हो, घर सोडून गेले. आता आम्ही राहतो."

वसुलीवाल्याचा चेहरा पडला. त्याने यंत्र कवळीवाल्यांसमोर धरलं. वसुली न होण्याची त्यात चारच कारणं होती. घर बंद, कर्जदार बाहेर गेले, कर्जदार आजारी, कर्जदार मयत.

"इथे दुसराच माणूस राहतो, असं कुठे आहे?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"ते नसतं. कलम सतरा. कर्जदार कंपनीला कळवल्याशिवाय घर बदलणार नाही. त्यांनी कळवलेलं नाही. म्हणजे त्यांनी घर बदललेलं नाही."

"पण मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"दिसताय ना. मी कुठे नाही म्हणतोय?" वसुलीवाला अगदी कळवळून म्हणाला. "पण ह्यातलं एक काहीतरी दाबल्याशिवाय यंत्र पुढचं घर दाखवत नाही, आणि पुढचं घर झाल्याशिवाय माझा रोज पडत नाही. घर बंद टाकलं असतं, पण तुम्ही दार उघडलंत."

असं म्हणून तो पायरीवर बसला. भांडला नाही, ओरडला नाही, नुसता बसला. दहा वाजता कवळीवाल्यांनी त्याला पाणी दिलं. अकराला पंखा दाराकडे वळवला. साडेअकराला त्यांना राहवेना. आपल्या पायी एका गरिबाचा रोज बुडतोय, हे काही बरं नाही.

"टाका, बाहेर गेलेत असं टाका," ते म्हणाले. "एका परीने खरंच आहे ते."

वसुलीवाल्याने बटण दाबलं. यंत्राने लगेच विचारलं, माहिती कोणी दिली? पत्नी, मुलगा, भाऊ, माहीतगार.

"माहीतगार टाका की."

वसुलीवाल्याने जीभ चावली. "नका हो असं बोलू! माहीतगार म्हणजे ज्याला कर्जदाराची सगळी हकिगत पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक आहे असा इसम. कलम एकतीस. त्याची सहीसुद्धा लागत नाही, आपोआप जामीन होतो. तुम्ही भला माणूस, तुम्हाला कशाला अडकवू? भाऊ टाकतो."

"अहो पण मी त्यांचा भाऊ नाही."

"कुणाचे तरी असालच ना?"

कवळीवाल्यांना एक बहीण होती. त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना.

"येतो मग, दादा," वसुलीवाला म्हणाला. आतून डोकावणाऱ्या बायकोला त्याने नमस्कार केला. "येतो, वहिनी."

दार लागल्यावर बायको म्हणाली, "मी कुणाची वहिनी झाले?"

"अगं, नुसतं यंत्रात."

"यंत्रातलं पुसता येतं का, विचारलंत?"

ते विचारायचं राहिलं होतं.

पुढच्या दोन्ही मंगळवारी कर्जदार बाहेर गेले. चौथ्या मंगळवारी यंत्र ऐकेना. लागोपाठ तीनदा बाहेर गेलेला माणूस चौथ्यांदा बाहेर जाऊ शकत नाही, असा कंपनीचा अनुभव होता. घर बंद म्हणावं तर वसुलीवाला आत पंख्याखाली बसलेला. राहिलं आजारी आणि मयत. त्यातल्या त्यात आजारी बरं, यावर दोघांचं एकमत झालं.

"आजार कोणता टाकू, दादा?"

"दाढ दुखते म्हणा," कवळीवाल्यांना दुसरं काय सुचणार?

"दाढेला मुदत मिळत नाही. जरा मोठा सांगा."

"कावीळ टाका एकदाची!" बायको आतून करवादली. "आणि जा! मेण वितळतंय तिकडे!"

झाली कावीळ. कंपनीने कर्जदाराची प्रकृती फारच मनावर घेतली. आठवड्याच्या आत ग्राहक-स्नेह विभागाकडून फळांची टोपली आली. फळांची किंमत मूळ कर्जात मिळवल्याची पावती टोपलीतच होती. सोबत सूचना होती की रुग्णाचं अंथरुणावरचं छायाचित्र तीन दिवसांत सादर करावं, अन्यथा क्षेत्र-प्रतिनिधीने खोटी कावीळ नोंदवली असं समजण्यात येईल.

क्षेत्र-प्रतिनिधी म्हणजे आपला वसुलीवाला. तो आला तोच रडकुंडीला येऊन.

"माझी नोकरी जाईल, दादा. दोन मिनिटं आडवे व्हा फक्त. तोंड भिंतीकडे करा, मी पाठीमागून काढतो. कुणाला कळतंय?"

"अजिबात नाही!" बायको म्हणाली.

"अगं, नोकरी जाईल त्याची."

"आणि तुमचं काय जाईल ते?"

तेव्हा ते सांगता येण्यासारखं नव्हतं. कवळीवाले अंगावर चादर घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. छायाचित्र उत्तम आलं. चादर, उशी, आणि डोक्यामागचा भोवरा, डावीकडे वळणारा.

त्या दिवसापासून यंत्रात कर्जदाराची ओळख पटवण्यासाठी भोवरा आला. आता कर्जदार कवळीवाल्यांसारखा दिसू लागला होता. फक्त पाठीमागून, हे खरं. पण कंपनी माणसांच्या पाठीमागेच असते.

मग बायकोने त्यांना घालवलंच कंपनीच्या कचेरीत. "स्पष्ट सांगून या. आणि कुणी पाणी दिलं तर पिऊ नका, लगेच मिंधे होता तुम्ही."

कचेरी चौथ्या मजल्यावर होती. गार हवा, काचेच्या भिंती, आणि खिडकीवर पाटी, 'तक्रार: फक्त कर्जदारांसाठी'.

"आपण कर्जदार?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"नाही. तीच तर तक्रार आहे."

"मग आपल्याला तक्रार करता येणार नाही."

"बरं, समजा, मी कर्जदार आहे."

"मग तक्रार काय आहे?"

"की मी कर्जदार नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आतल्या साहेबांकडे बोट दाखवलं. साहेब प्रेमळ होते. त्यांनी कवळीवाल्यांना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. बोलताना त्यांची खालची कवळी उचलून यायची आणि ते जिभेने ती परत दाबायचे. कवळीवाल्यांचं निम्मं लक्ष तिकडेच लागलेलं. कुणी केली असेल ही? हिरडीवर बसतच नाहीये.

"तुमचा प्रश्न सोपा आहे," साहेब म्हणाले. "बाहेर गेलेला परत येतो. आजारी बरा होतो. तोवर आमची माणसं तुमच्याकडे येत राहणार. मयत टाकून मोकळे व्हा ना! फाइल बंद."

"पण ते जिवंत असतील हो."

"असू देत की! आम्ही कुठे त्यांना मारायला जातोय? फक्त नोंद. दाखला लागतो, पण भावाने सांगितलं तर दाखलाही लागत नाही. आपला त्यांच्या शब्दावर विश्वास आहे."

कवळीवाल्यांच्या मनात आलं, नको. पण माणूस एवढ्या आपुलकीने बोलत होता, समोर पाणी ठेवलेलं होतं आणि ते अर्धं पिऊनही झालं होतं. त्यांनी सही केली. निघताना साहेबांची खालची कवळी नवी करून द्यायचं कबूल केलं, आणि पैशांचा विषय काढायची त्यांना भीड पडली.

कंपनीने शब्द पाळला. फाइल बंद झाली. आठवड्याने वसुलीवाला पांढऱ्या फुलांचा गुच्छ आणि काळ्या चौकटीत बसवलेला कवळीवाल्यांचा भोवरा घेऊन आला. तो टेबलावर ठेवून त्याने दोन मिनिटं शांतता पाळली. कवळीवालेही उभे राहिले. बसून राहणं बरं दिसलं नसतं.

शांतता संपल्यावर त्याने पिशवीतून पाकीट काढलं. "दिवंगत कर्जदाराच्या वारसांस. वाईट वाटून घेऊ नका, दादा. आजारी होते तोवर तुम्ही भाऊ होता, आता वारस आहात. फाइल बंद होते ती कर्जदाराची. वारसाची नवीन उघडते."

नोटिशीत लिहिलं होतं की सदर घरात पाठ चेपणारी खुर्ची आढळली नाही. तिच्या जागी विजेवर चालणारं एक फिरतं यंत्र आढळलं. सबब खुर्ची विकून यंत्र घेतल्याचं मानण्यात येत असून ते जप्त करण्यात येईल.

कवळीवाले मटकन खाली बसले. इतके दिवस सगळं यंत्रात होतं, यंत्रावर होतं, पण ते यंत्र दुसऱ्याचं. आता त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर आलं. ते गेलं तर कवळ्या खरखरीत राहणार. खरखरीत कवळी कोण तोंडात घालील? आणि या वयात दुसरीकडे काम कोण देईल? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बायकोने पहिल्यांदाच भांड्यांचा आवाज केला नाही. ती जवळ येऊन बसली.

"तारीख कोणती दिलीय?" तिने विचारलं.

तारखेच्या जागी लिहिलं होतं, 'माननीय साहेबांची कवळी तयार झाल्यानंतरचा पहिला गुरुवार'.

"मग करू नका तयार!"

असे पाच आठवडे गेले. कवळीवाले साहेबांच्या खालच्या कवळीला चकाकी देत बसायचे. साहेबांचा निरोप आला की सांगायचे, अजून एक हात मारायचा आहे. शेवटी कवळी इतकी झिजली की एखाद्या लहान मुलालाही झाली नसती, आणि साहेबांनी ती आहे तशी मागवून घेतली. ती त्यांना बसली नाही हे उघडच आहे. पण पोच पावतीवर 'तयार' असा शिक्का होता.

गुरुवारी टेम्पो आला. दोन हमाल खिडकीशी गेले. कवळीवाले यंत्राला मिठी मारून उभे, बायको हमालांच्या वाटेत आडवी, वसुलीवाला रुमालाने डोळे पुसतोय. नेमका त्याच वेळी दारात एक माणूस येऊन उभा राहिला.

"माझी छत्री राहिली होती इथे," तो म्हणाला. "मी आधी राहायचो."

कवळीवाल्यांनी झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. "हा बघा! हा बघा तुमचा कर्जदार! धडधाकट! कावीळसुद्धा नाही!"

वसुलीवाल्याने त्याला पाठमोरा उभा केला, यंत्र डोक्यामागे धरलं आणि हळहळून मान हलवली. "ह्यांचा भोवरा उजवीकडे आहे, दादा. आणि ते मयत आहेत. तुम्हीच सांगितलंत ना?"

"कोण मयत?" आधीचा भाडेकरू घाबरून म्हणाला. मग त्याची नजर काळ्या चौकटीवर गेली, चौकटीखालच्या स्वतःच्या नावावर गेली, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. तो चौकटीसमोर मान खाली घालून उभा राहिला. मग त्याने कवळीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "माणूस चांगला होता."

"अहो, लाज वाटते का काही!" बायको कडाडली. "तुमचे हप्ते आमच्या गळ्यात! खुर्ची कुठाय?"

"खुर्ची दुसऱ्याच महिन्यात चेपायची थांबली, वहिनी. भंगारात दिली." तो अपराधी आवाजात म्हणाला. "आणि मी हप्ते भरत नाही असं नाही. दर महिन्याला भरतो. पण ते नव्या घराच्या आधीच्या भाडेकरूचे. त्याने मासे ठेवायची काचेची पेटी घेतली होती. तिथे मी त्याचा मेहुणा आहे."

"मग स्वतःचे सोडून त्याचे कसे भरता?"

"तो वसुलीवाला घरी येऊन बसतो हो. पाणी पितो. बायकोला ताई म्हणतो. कसं नाही म्हणणार?"

वसुलीवाला रुमाल घडी करत पुटपुटला, "खऱ्या कर्जदाराकडून वसुली होत नाही, साहेब म्हणतात. आपलं स्वतःचं कर्ज बुडवताना माणसाला काही वाटत नाही. दुसऱ्याचं म्हटलं की भीड पडते. म्हणून तर आम्ही घर बदलायच्या बेतात असलेल्यांनाच कर्ज देतो."

आधीचा भाडेकरू छत्री घेऊन गेला. जाताना तो शीळ घालत होता.

वसुलीवाल्याने हमालांना टेम्पोत बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. माणूस मुळात वाईट नव्हता. "दादा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "एक वाट आहे. तुमच्या घरचं एवढं पाणी प्यायलोय म्हणून सांगतो. कलम एकतीस."

"माहीतगार?"

"माहीतगार. वारसापेक्षा माहीतगार मोठा. कुणाला तरी ही हकिगत सांगा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. सगळी ऐकली की तो जामीन झाला. मग तुमच्याकडे येण्याचं कारणच उरत नाही. यंत्र तुमचं तुमच्यापाशी. मी आज 'घर बंद' टाकतो, मंगळवारपर्यंत वेळ आहे."

"एवढी लांबलचक हकिगत कोण ऐकून घेईल?" कवळीवाले रडवेले होऊन म्हणाले. "लोक मध्येच उठून जातात."

बायको मात्र मागच्या खोलीत टेबलावरच्या साच्यांकडे बघत होती. "जो उठून जाऊ शकत नाही," ती म्हणाली, "तो ऐकेल."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही आमची कवळी करून घ्यायला कवळीवाल्यांकडे गेलो. त्यांनी आम्हाला खुर्चीत मागे रेलून बसवलं, साच्यासाठीचा थंडगार गिलावा आमच्या तोंडात वरपर्यंत भरला आणि म्हणाले, "आता हलू नका, बोलू नका. घट्ट व्हायला जरा वेळ लागतो. तोवर तुम्हाला एक गंमत सांगतो." वरचा साचा झाला, खालचा झाला, मग वरचा पुन्हा घेतला. तेव्हा कुठे आधीचा भाडेकरू छत्री घेऊन गेला. आम्ही दोनदा हात वर केला. त्यांनी तो मायेने खाली ठेवला. ते मधूनमधून खिडकीतल्या यंत्राकडे बघत होते. खरं सांगायचं तर आम्हाला त्यांचा रागही आला नाही. कवळी मात्र झकास झाली. कवळीवाले आता पुन्हा कुणाचं काडीचंही देणं लागत नाहीत.

मंगळवारी सव्वानऊला आमच्या दारावर एक किरकोळ अंगाचे गृहस्थ आले. बूट बाहेर काढले, पायरीवर बसले, आम्हाला काका म्हणाले. आम्ही पाणी दिलं. पुढचे तीन मंगळवारही दिलं. शेवटी आम्ही ते कलम एकतीस मागवून घेतलं आणि डोळ्यांत तेल घालून वाचलं. एक माहीतगार मोकळा व्हायचा तर दुसरा लागतो. तोंडी सांगितलेलं चालतं, तसं लिहून दिलेलंही चालतं. म्हणून आम्ही काही न गाळता सगळं लिहून काढलं.

तुमचं तोंड कुणी गिलाव्याने भरलं नव्हतं. कावीळ झाली तिथे थांबता आलं असतं, फुलांचा गुच्छ आला तिथे उठता आलं असतं. पण तुम्हालाही अर्धवट सोडायची भीड पडली. सहीची गरज नाही. मंगळवारी सव्वानऊला घरीच राहा, आणि पायरी जरा झाडून ठेवा. ते बराच वेळ बसतात.